रक्तवाहिनीतला प्लाक खरंच ‘साफ’ करतात का?

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात येतो. त्यात एका ओळीत ‘एलएडी ८० टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी, हे कळायच्या आतच घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं: नळात गाळ साचलाय, तो आज ना उद्या पूर्ण तुंबणार, तेव्हा आत्ताच्या आत्ता साफ करून घेतलेला बरा. पुढचे सगळे निर्णय याच चित्राच्या जोरावर होतात, आणि तेही अनेकदा कॅथलॅबच्या, म्हणजे हे उपचार होतात त्या खोलीच्या, दाराबाहेर उभ्याउभ्या.

हे चित्र चुकीचं आहे आणि त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. ज्यांना घाईची गरज नसते ते घाबरून टेबलावर जातात. आणि ज्यांचा ‘नळ साफ झाला’ ते सहा महिन्यांनी गोळ्या सोडून देतात. माझ्या मते दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं आहे. म्हणून फुगा, स्टेंट, खरवडणं, बायपास या प्रत्येक उपायात त्या प्लाकचं नेमकं काय होतं, तो जातो कुठे, हे एकदा नीट पाहू.

## प्लाक असतो कुठे?

धमनीची भिंत जिवंत असते. तिच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर असतं, त्यामागे स्नायूंचा थर आणि सगळ्यात बाहेर एक आवरण. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं जास्त राहिलं, जोडीला तंबाखू, मधुमेह किंवा चढलेला रक्तदाब असला, की एलडीएलचे कण अस्तर ओलांडून भिंतीच्या आत शिरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. चरबी, मेलेल्या पेशी, सूज, त्यावर तंतूंचं टोपण आणि पुढे पुढे कॅल्शियम, असा जो फुगवटा भिंतीत तयार होतो, तो प्लाक.

ओल धरलेली भिंत आठवा. आतल्या आत गिलावा सुटतो, भिंतीला पोट येतं, पण वरचा रंगाचा पापुद्रा अखंड असतो. वरून कितीही झाडलं तरी ते पोट जात नाही, कारण ते भिंतीवर नसतं, भिंतीत असतं. प्लाकचं अगदी तसंच आहे. तो नळीत पडलेला गाळ नाही; नळीच्या अंगातच झालेला आजार आहे.

यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. सुरुवातीला प्लाक वाढला तरी रक्ताची वाट अरुंद होतच नाही, कारण धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते. शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये मृतांच्या हृदयधमन्या तपासून हे दाखवलं: भिंतीच्या आतल्या क्षेत्राचा जवळपास ४० टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी कमी होत नाही. अँजिओग्राफीत आपण रंगद्रव्य सोडून फक्त ती वाट पाहतो. भिंत दिसत नाही. त्यामुळे अँजिओग्राफीत एकच ठिकाण अरुंद दिसलं तरी प्लाक तेवढाच आहे असं समजू नये. शेजारची गुळगुळीत दिसणारी धमनीही आजारी असू शकते.

आता प्लाक त्रास देतो तो दोन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत वाट हळूहळू अरुंद होते. बसल्याजागी काही वाटत नाही, पण जिना चढताना किंवा भरभर चालताना हृदयाला जास्त रक्त लागतं आणि ते पोचत नाही. छातीत दाब येतो, धाप लागते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत बरं वाटतं. याला अंजायना म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत प्लाकवरचं पातळ टोपण अचानक फाटतं, आतली चरबी रक्ताला लागते आणि रक्त तिथे गुठळी करतं. काही मिनिटांत धमनी बंद होते. हा हार्ट अटॅक. आणि फाटणारा प्लाक हा सगळ्यात अरुंद जागेचाच असतो असं नाही. मऊ, चरबीने भरलेला, पातळ टोपणाचा प्लाक वाट जेमतेम अर्धी अडवत असतानाही फाटू शकतो. उलट जुनाट, कॅल्शियमने कडक झालेला प्लाक वाट बरीच अडवूनही वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो.

पुढचं सगळं कळायला या दोन तऱ्हा वेगळ्या ठेवणं गरजेचं आहे.

## फुगा आणि स्टेंट: प्लाक दाबला जातो

या उपचाराची सुरुवात हृदयात नव्हे, पायात झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे ८२ वर्षांच्या एक बाई होत्या. मांडीतली धमनी अरुंद होऊन पाऊल सडायला लागलं होतं. पाय कापायला त्यांनी नकार दिला होता. डॉटरनी त्या अरुंद जागेतून आधी तार आणि मग एकाहून एक जाड नळ्या सरकवल्या. पाऊल पुन्हा गरम झालं आणि पाय वाचला. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी जाड नळीऐवजी फुगा वापरायचं ठरवलं. ते फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः बनवले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जागृत माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगवले. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही ती धमनी उघडीच होती.

आजही मूळ कृती तीच आहे. मनगटातली किंवा जांघेतली जागा बधिर करून धमनीत एक बारीक नळी बसवतात. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. त्या नळीतून ०.०१४ इंचाची, म्हणजे साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची तार हृदयाच्या धमनीत जाते. डॉक्टरांची नजर पडद्यावर असते आणि बोटं तारेचं वाकडं टोक अलगद फिरवत असतात. ही धमनी मुळात तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि अरुंद झालेली वाट त्याहून कितीतरी लहान. तार पलीकडे गेली की तिच्यावरून गुंडाळलेला फुगा सरकवतात आणि १०-१२ किंवा त्याहून जास्त ॲटमॉस्फिअर दाबाने फुगवतात. तेवढे काही सेकंद त्या धमनीतलं रक्त पूर्ण थांबतं. म्हणून रुग्णाला छातीत नेमकी ओळखीची कळ येते, कधी ईसीजीची रेघही बदलते. ‘दुखतंय का? आत्ता थांबेल,’ असं डॉक्टर सांगतात, फुगा रिकामा करतात आणि ती कळ जाते.

त्या सेकंदांत प्लाकचं काय झालं? तो चिरला, थोडा चपटला, आणि सगळी भिंतच बाहेर ताणली गेली. बाहेर काहीच काढलं नाही.

नुसत्या फुग्याला दोन अडचणी होत्या. ताणलेली भिंत लवचीक असल्यामुळे परत मिटायची, कधी चिरलेला पापुद्रा आत लोंबून धमनी लगेच बंद व्हायची. आणि ज्यांचं सगळं नीट झालं त्यांच्यातही साधारण तीनातल्या एकाची धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची, कारण भिंत जखम भरून काढताना नव्या पेशींचा थर चढवते. यावर उपाय म्हणून धातूची जाळी आली. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसवले. जाळीने मिटण्याची अडचण सुटली, पण आतून चढणारा थर राहिलाच. मग २००२-०३ पासून पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेले स्टेंट वापरात आले आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. आताच्या चांगल्या स्टेंटमध्ये ते सहसा दहात एकाहून कमी असतं.

तर स्टेंट बसवल्यावरही प्लाक तिथेच असतो, जाळीच्या मागे, भिंतीत. वाट मोकळी झालेली असते. आजार गेलेला नसतो.

## ‘दाबण्यापेक्षा खरवडून काढून का टाकत नाहीत?’

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि डॉक्टरांनाही पडला होता. १९८० च्या दशकात त्यासाठी उपकरणंही बनली. याला अथेरेक्टमी म्हणतात. एका प्रकारात नळीच्या बाजूला खिडकी असते, आत फिरतं पातं. खिडकी प्लाककडे टेकवायची, पात्याने काप काढायचे आणि ते पुढच्या कप्प्यात गोळा करून खरोखर बाहेर आणायचे. कल्पना अगदी मनासारखी. पण १९९३ मध्ये केव्हिएट नावाच्या चाचणीत हजारावर रुग्णांमध्ये तिची नुसत्या फुग्याशी तुलना झाली, तेव्हा दिसलं की वाट थोडी जास्त रुंद होते, पण सुरुवातीच्या गुंतागुंती, त्यात हार्ट अटॅकही आला, वाढतात. हृदयाच्या धमन्यांसाठी हे उपकरण मागे पडलं.

कारण भिंत आणि प्लाक यांच्यात सरळ सीमारेषा नसते. तीन मिलिमीटरच्या, सतत धडधडणाऱ्या धमनीत पातं जरा खोल गेलं की भिंत फाटते. उथळ गेलं तर फारसं काही निघत नाही. सुटलेले कण रक्ताबरोबर पुढे जाऊन बारीक वाहिन्या बुजवतात. आणि जितकी जखम मोठी, तितकी भरून येताना पेशींची वाढ मोठी.

मग आज कॅथलॅबमध्ये ‘रोटा करावं लागेल’ असं म्हणतात ते काय? ते रोटाब्लेटर. तारेवरून जाणारी, हिऱ्याच्या कणांनी मढवलेली छोटी बोंडी मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत पुढे सरकते. मऊ, लवचीक भाग तिच्यापासून बाजूला सरतो आणि कडक कॅल्शियम घासलं जातं. त्याचा भुगा इतका बारीक असतो की बहुतेक कण तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि ते रक्तातून पुढे निघून जातात. पण इथेही प्लाक काढून टाकणं हा हेतू नसतो. दगडासारख्या कडक जागेत फुगा फुगत नाही, स्टेंट अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडलेला स्टेंट पुढे गुठळीला आमंत्रण देतो. म्हणून आधी ती जागा ढिली करायची. याच कामासाठी आणखी एक पद्धत आली आहे. मूतखडे फोडायला वापरतात तशा दाबलहरी फुग्याच्या आतून सोडून भिंतीतलं कॅल्शियम जागच्या जागी तडकवायचं. अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांसाठी तिला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात तर काहीच घासलं जात नाही. कॅल्शियम तिथेच राहतं, फक्त त्याला भेगा पडतात. लेसरही आहे, तो निवडक ठिकाणी, विशेषतः फुगाच पलीकडे जात नाही अशा जागी वापरतात.

कडक धमनी दिसली की सरसकट घासावी का? अगदी अलीकडे, सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या एक्लिप्स या चाचणीत, कॅल्शियम भरपूर असलेल्या धमन्यांमध्ये स्टेंटआधी नेहमीच घासणं आणि आधी फुगा वापरणं यांची तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे हे हत्यार जिथे फुगा खरंच हरतो तिथेच कामाचं.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हार्ट अटॅकमध्ये धमनीत ताजी गुठळी असते. ती तर वाटेतच पडलेली असते, भिंतीत नाही. ती नळीने ओढून घेतली की काम सोपं होईल, असं कोणालाही वाटेल. टोटल नावाच्या चाचणीत दहा हजारांहून जास्त रुग्णांमध्ये हे करून पाहिलं आणि २०१५ मध्ये निकाल आला: सगळ्यांची गुठळी नेमाने ओढल्याने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक कमी झाले नाहीत, मेंदूचे झटके मात्र थोडे वाढले. आता हे फक्त खूप मोठी गुठळी असेल तेव्हाच करतात.

## मानेत मात्र खरोखर काढतात

मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी मानेत दोन्ही बाजूंना असते. ती हृदयाच्या धमनीपेक्षा रुंद, कातडीखाली हाताशी लागणारी, आणि प्लाक बहुधा एकाच ठिकाणी जमतो, जिथे तिला दोन फाटे फुटतात. इथे शल्यविशारद धमनी तात्पुरती चिमट्यांनी बंद करतात, उभी चिरतात आणि प्लाक व भिंत यांच्यामधला थर शोधून बोथट हत्याराने प्लाक सोडवत जातात. जमून आलं तर तो एकसंध निघतो: पिवळट, मध्येच खरबरीत, दोन फाट्यांचा, धमनीच्या आतल्या आकाराचा जणू साचाच. मग धमनी शिवतात, बहुतेक वेळा ठिगळ लावून. ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून होते आहे.

तिचा उपयोगही मोजलेला आहे. ज्यांना नुकताच मेंदूचा छोटा झटका येऊन गेला आहे आणि त्याच बाजूची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, अशा रुग्णांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये आला. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघाताचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के जणांना. हा फरक प्रचंड आहे. पण अट नीट वाचा: झटका येऊन गेलेला हवा आणि धमनी खूप अरुंद हवी. काहीच त्रास नसलेल्या माणसाला तपासणीत सापडलेल्या अरुंद धमनीसाठी फायदा खूपच कमी आहे, आणि आताच्या औषधांपुढे तो आणखी कमी झाला असावा असं अनेक तज्ज्ञ मानतात. मानेत स्टेंटही बसवता येतो. २०१० च्या क्रेस्ट चाचणीत दोन्हींचा एकंदर निकाल जवळपास सारखा आला, फक्त स्टेंटने उपचाराच्या वेळचे पक्षाघात थोडे जास्त झाले आणि शस्त्रक्रियेने हार्ट अटॅक थोडे जास्त.

## पायाच्या धमन्या

इथे थोडक्यात. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, हे पायातल्या अंजायनासारखंच आहे. पाय गुडघ्यात आणि जांघेत सतत वाकतो, त्यामुळे जाळी मोडू शकते. म्हणून इथे औषध लावलेले फुगे आणि खरवडण्याची यंत्रं जास्त वापरली जातात. खरवडण्याचा फुग्यावर ठोस फायदा मात्र अजून नीट सिद्ध झालेला नाही. आणि देखरेखीखाली नियमित चालण्याचा व्यायाम, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हा इतका प्रभावी आहे की क्लेव्हर नावाच्या चाचणीत सहा महिन्यांनी व्यायामवाले स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले. पायाला बसल्याजागी दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाय वाचवण्यासाठी वाट लवकर उघडावीच लागते.

## बायपास: प्लाकला हातच लावत नाहीत

बायपासमध्ये पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची धमनी घेऊन अरुंद जागेच्या पलीकडे जोडतात. रक्त वळसा घालून जातं. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंडला पायाची शीर वापरून ही पद्धत रुजवली. प्लाक जिथल्या तिथे.

तरीही काही जणांसाठी हाच उपाय जास्त चांगला आहे, आणि त्याचं कारण असं: जास्त करून धमनीच्या सुरुवातीच्या भागात प्लाक असतो, आणि जोड त्याच्या बराच पुढे असतो. त्यामुळे आज अरुंद असलेली एकच जागा नव्हे, तर उद्या फाटू शकणारे त्या भागातले बाकीचे प्लाकही मागे पडतात. मधुमेह आणि अनेक धमन्यांत आजार असलेल्या १९०० रुग्णांवरच्या फ्रीडम चाचणीत, २०१२ मध्ये, पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही होण्याचं प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होतं आणि बायपासच्या गटात १८.७ टक्के. पक्षाघात तेवढे बायपासमध्ये जास्त होते. मधुमेह असून तिन्ही धमन्यांत आजार असेल आणि ‘चार स्टेंट टाकू, छाती उघडायला नको’ असं सुचवलं जात असेल, तर हृदयाच्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

## ‘८० टक्के बंद आहे, मग आजच स्टेंट का नको?’

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. समजा, त्रास फक्त जोराने चालल्यावर होतो, महिनोन्महिने तसाच आहे, वाढलेला नाही. याला स्थिर आजार म्हणतात. अशा माणसाला स्टेंट घातला तर पुढचा हार्ट अटॅक टळतो का, आयुष्य वाढतं का?

२००७ मध्ये करेज या चाचणीने २२८७ रुग्णांत हे तपासलं. चांगली औषधं सगळ्यांना, त्यातल्या अर्ध्यांना वर अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा आणि स्टेंट. मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्ही गटांत सारखेच. आक्षेप आला की यातले रुग्ण फार आजारी नव्हते. मग ३७ देशांत ५१७९ रुग्णांवर इस्किमिया ही चाचणी झाली. यात ताण तपासणीत मध्यम ते तीव्र दोष आढळलेलेच लोक घेतले. २०२० मध्ये निकाल आला: तीन वर्षांच्या वर पाठपुरावा करूनही, लगेच स्टेंट किंवा बायपास करण्याने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मृत्यू, हार्ट अटॅक, हृदयविकारासाठी दाखल होणं हे सगळं मिळून पाहिलं तरीही ठळक फरक पडला नाही. ज्यांना वारंवार अंजायना होत होता त्यांचा त्रास मात्र या उपायांनी स्पष्ट कमी झाला.

हे निकाल पहिल्यांदा ऐकले की विश्वास बसत नाही. पण भिंतीतला आजार डोळ्यांसमोर ठेवला की ते सरळ वाटतात. स्टेंट एका जागेवर बसतो, आणि पुढचा अटॅक देणारा प्लाक भलत्याच ठिकाणी असू शकतो. त्याच्यावर पोचणारा इलाज म्हणजे सगळ्या धमन्यांच्या सगळ्या भिंतींवर काम करणारी औषधं.

मग त्रास तरी नक्की कमी होतो ना? इथे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी मोठं धाडस केलं. ऑर्बिटा या चाचणीत २०० रुग्णांना आधी सहा आठवडे औषधं नीट दिली. मग सगळ्यांना गुंगी देऊन टेबलावर घेतलं, कानांवर हेडफोन लावले. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना काहीच केलं नाही, आणि कोणाला काय झालं हे त्यांना सांगितलं नाही. २०१७ मध्ये निकाल आला की चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांमधला फरक इतका लहान होता की तो योगायोगही असू शकेल. पुढे त्याच गटाने २०२३ मध्ये दुसरी चाचणी केली, पण अंजायनाच्या गोळ्या पूर्ण बंद ठेवून. तिच्यात ३०१ रुग्ण होते आणि स्टेंटने त्रास खरोखर कमी केला, तरी निम्म्याहून जास्त जणांना थोडाफार अंजायना उरलाच. दोन्ही एकत्र वाचल्या तर अर्थ असा की स्टेंटने आराम मिळतो हे खरं; गोळ्यांनी आधीच आराम मिळत असेल तर त्यावर स्टेंटची भर थोडी असते. गोळ्या नको असतील, झेपत नसतील किंवा पुरत नसतील, तर स्टेंट हा रास्त पर्याय आहे.

त्या ८० टक्क्यांबद्दलही एक सांगायला हवं. हा आकडा बहुतेक वेळा नजरेने लावलेला अंदाज असतो. दोन अनुभवी डॉक्टर एकाच चित्राला ६० आणि ८० म्हणू शकतात. ही अरुंद जागा खरंच रक्त अडवते का, हे मोजायची सोय आहे. दाब मोजणारी बारीक तार पलीकडे नेतात आणि धमनी पूर्ण सैल करणारं औषध देऊन पुढचा दाब आणि मागचा दाब यांचं गुणोत्तर काढतात. त्याला एफएफआर म्हणतात. ते ०.८० किंवा खाली आलं तर अडथळा खरा. २००९ च्या फेम चाचणीत असं मोजून स्टेंट घातले तेव्हा प्रत्येक रुग्णाला सरासरी २.७ ऐवजी १.९ स्टेंट लागले, आणि वर्षभरातले मृत्यू, हार्ट अटॅक आणि पुन्हा कराव्या लागलेल्या अँजिओप्लास्टी किंवा बायपास हे सगळं मिळूनही कमी झालं. स्थिर आजारात, मध्यम अरुंद धमनीसाठी ‘एफएफआर केलं का?’ हा प्रश्न विचारायला मुळीच संकोचू नका.

## ‘म्हणजे अँजिओप्लास्टी निरुपयोगी?’

अजिबात नाही, आणि असा अर्थ कोणी काढू नये म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. वरच्या चाचण्या स्थिर आजाराच्या आहेत. हार्ट अटॅक चालू असताना धमनी गुठळीने बंद झालेली असते आणि स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तिथे फुगा आणि स्टेंट जीव वाचवतात. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडायची, असं उद्दिष्ट जगभर धरलं जातं. बसल्याजागी छातीत दुखायला लागलं, दुखणं वाढत चाललं, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ उतरली, तर हा लेख आठवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

हृदयाच्या डाव्या धमनीच्या मुख्य खोडाशीच आजार असेल तरीही वरचे निकाल लागू होत नाहीत. इस्किमिया चाचणीत अशा रुग्णांना घेतलंच नव्हतं, आणि हृदयाची ताकद फार कमी झालेल्यांनाही नाही. त्यांचा निर्णय वेगळ्या हिशेबाने होतो.

## औषधाने प्लाक विरघळतो का?

थोडा. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या मात्रेवर दोन वर्षं ठेवलेल्या रुग्णांच्या धमनीत आतून सोनोग्राफी करून पाहिलं तेव्हा, २००६ मध्ये, प्लाकचं प्रमाण साधारण १ टक्क्याने कमी झालेलं आढळलं. पुढे २०१६ मध्ये स्टॅटिनवर एलडीएल आणखी उतरवणारी एव्होलोक्युमॅबची इंजेक्शनं देऊन पाहिलं, तेव्हाही घट तेवढ्याच सुमाराची. आकडा ऐकून निराशा होते. पण एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने खाली आलं की हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, हे लाखाहून जास्त रुग्णांच्या एकत्रित आकडेवारीतून दिसलं आहे. आकार जेमतेम घटतो आणि धोका इतका घटतो, कारण प्लाकची जात बदलते: चरबी कमी होते, सूज उतरते, टोपण जाड होतं. तो फाटण्याची शक्यता कमी होते. कधी स्टॅटिनवर सीटी स्कॅनमधला कॅल्शियमचा आकडा थोडा वाढतो आणि लोक घाबरतात. बऱ्याचदा ती प्लाक घट्ट होत असल्याची खूण असते.

शिरेतून ईडीटीए हे औषध सोडून प्लाकमधलं कॅल्शियम धुऊन काढतो, असं सांगणारी केलेशन पद्धत मात्र टाळावी. २०१३ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता, विशेषतः मधुमेह्यांमध्ये. म्हणून फक्त मधुमेह्यांवर ती पुन्हा केली, आणि २०२४ मध्ये निकाल आला: फायदा नाही. शस्त्रक्रिया टळेल या आशेने त्यात महिने घालवायचे आणि स्टॅटिन बंद ठेवायचं, यात जीव धोक्यात येतो.

## स्टेंटनंतरची गोळी

जाळी बसवल्यावर काही महिने तिचा धातू रक्ताला उघडा असतो. हळूहळू अस्तराच्या पेशी तिच्यावर चढतात आणि ती झाकली जाते. तोवर तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात. स्थिर आजारात साधारण सहा महिने, हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. त्यानंतर एक गोळी आणि स्टॅटिन चालूच राहतात, कारण भिंतीतला आजार चालू असतो. या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो, आणि तो अटॅक साध्या अटॅकपेक्षा जास्त घातक असतो. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, एंडोस्कोपी असेल, तिथे कोणी ‘पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा’ म्हणालं तर आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा आणि स्टेंट कधी, कुठल्या धमनीत बसवला हे सांगून विचारायचं. ती माहिती असलेलं कार्ड डिस्चार्जच्या वेळी मिळतं. ते फाइलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवा.